गोदामाला दिवाळी नसते

नमनालाच घडाभर तेल न घालता मुद्द्यावर येते. गेल्या रविवारी आमच्या घरी, म्हणजे मोबाईलच्या पडद्यावर, कुटुंबाची सभा भरली होती. ठाण्याहून धाकटे भावजी आणि जाऊबाई, बंगळुरूहून मुलगा आणि सून, न्यू जर्सीहून लेक आणि जावई. विषय एकच, माझं सामान. सहा विरुद्ध एक अशा मतांनी ठराव मंजूर झाला. विरोधातलं एक मत माझं.

ठराव असा: आईने काहीही टाकायचं नाही. भाड्याच्या घरात मावेल तेवढं न्यायचं, उरलेलं 'सेल्फ स्टोरेज'मध्ये ठेवायचं आणि नवं घर मिळालं की परत आणायचं. भाडं मुलगा भरेल. मी नको म्हटलं, तेव्हा आधी शांतता पसरली आणि मग जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही हल्ली फार कोरड्या झालात हो."

चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. उत्तर तोंडी देता आलं नाही तर लेखी द्यावं, असं मुलांना सांगत आले. तेव्हा हे माझं लेखी उत्तर. नातेवाईक वाचतीलच, पण तुम्हीही वाचा मंडळी. तुमच्यापैकी बरेच जण माझ्याच वयाचे आहेत, आणि आज ना उद्या तुमच्याही सोसायटीच्या फलकावर 'पुनर्विकास' हा शब्द लागणार आहे.

आमची कोथरुडची इमारत १९७९ सालची. तीन मजले, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्यात ओल. दीड-दोन वर्षं सभा झाल्या. आता नियमाप्रमाणे सभेचं चित्रीकरण करावं लागतं, त्यामुळे कोण कुणावर ओरडलं याचीही नोंद राहते! अखेर करार झाला. मे अखेर घर रिकामं करायचं. बिल्डर छत्तीस महिन्यांचं भाडं देणार, वर सहा महिन्यांची सवलत स्वतःसाठी राखून. सामान हलवायलाही ठरावीक रक्कम देणार आहे. मी भाड्याने घेतलेलं घर आहे एका बेडरूमचं.

आणि सामान? सासूबाईंचं शिसवी कपाट आणि पलंग. तांब्याचा बंब, घंगाळ, दोन हंडे, पितळी पराती आणि सतेली. पाटा-वरवंटा. ह्यांची पायपेटी. १९७२ पासूनचे दिवाळी अंक, वर्षवार बांधलेले. सहा ट्रंका. आणि एक लाकडी पाळणा. त्यात ह्यांच्यापासून माझ्या नातीपर्यंत तीन पिढ्या झोपल्या. यातलं अर्ध्याहून अधिक सामान माळ्यावर होतं. जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरावर, न्हाणीघरावर आणि पॅसेजवर सिमेंटचे ऐसपैस माळे असत. नव्या घराचा नकाशा मी भिंग घेऊन तीनदा पाहिला. त्यात जिम आहे, गच्चीवर बसायला बाकं आहेत, गाडीला चार्जिंग आहे. माळा एकही नाही. वरून नक्षीचं खोटं छत येणार आहे.

तरीही मी एकदम नकार दिलेला नाही. भाच्याला घेऊन जागा बघून आले. न बघता गुण देणारी बाई मी कधीच नव्हते.

पहिली जागा शहराबाहेर, हायवेला लागून. पत्र्याची भली मोठी शेड, आत बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना शटरची दारं. शाळेच्या वसतिगृहासारखं वाटलं, फक्त आवाज नाही. आम्हाला दाखवलेली खोली दहा फूट बाय आठ फूट. भाडं महिना साडेचार हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी. दाखवणारा मुलगा अगदी सभ्य होता, मला बसायला खुर्ची आणून दिली. मी त्याला तोंडी परीक्षेसारखे प्रश्न विचारले. पत्रा उन्हात तापला की आत किती उकडतं? पावसाळ्यात हवा कोरडी ठेवायची काही सोय आहे का? वाळवीची फवारणी वर्षातून किती वेळा? लाकडाला भुंगा लागला तर शेजारच्या खोलीतून आला की माझ्या, हे कोण ठरवणार? कुलूप माझं की तुमचं? मनात येईल तेव्हा येता येईल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं की आदल्या दिवशी कळवा, कामाच्या वेळेत या.

दुसरी जागा शहरातच होती, रिक्षाने जाण्यासारखी. पण तळघरात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर पुण्यात कुणी विसरलेलं नाही. पाऊस पडला शहराबाहेरच्या डोंगरांवर आणि पाणी शिरलं झोपलेल्या लोकांच्या घरांत. तळघरात सामान ठेवणाऱ्याने निदान जवळचा ओढा-नाला कुठे आहे ते बघावं. मी दारातूनच परत फिरले.

पहिल्या जागेचा करार मात्र घरी आणून वाचला. सात पानं, बारीक अक्षर. गॅस सिलिंडर, रॉकेल, धान्य, दागिने, रोकड, महत्त्वाची कागदपत्रं ठेवायची नाहीत. हे योग्यच. दमट हवेने, बुरशीने, किडीने नुकसान झालं तर जबाबदारी कंपनीची नाही. म्हणजे आपल्याकडे चार महिने पावसाचे, आणि नेमकं त्या चार महिन्यांत जे होणार त्यातून कंपनी मोकळी! भरपाई द्यायची वेळ आलीच तर ती आपण सुरुवातीला लिहून दिलेल्या किमतीपुरती. भाडं तीन महिने थकलं तर नोटीस देऊन सामानाची विल्हेवाट.

त्या किमतीच्या तक्त्यापाशी मी अडले. कपाटापुढे आकडा लिहिला, बंबापुढे लिहिला. 'पाळणा' लिहिलं आणि पुढच्या रकान्यात पेन टेकवून बसून राहिले. भाचा म्हणाला, "मावशी, हजार टाक." मी पेन बंद केलं.

आता हिशेब. मी गणिताची बाई नव्हे, पण एवढं येतं. साडेचार हजार अधिक आठशे दहा, महिन्याचे पाच हजार तीनशे दहा. छत्तीस महिन्यांचे एक लाख एक्क्याण्णव हजार एकशे साठ. बिल्डरने सहा महिने जास्त घेतले की दोन लाख तेवीस हजारांच्या वर. टेम्पोचं जाण्यायेण्याचं भाडं, हमाली आणि डिपॉझिट वेगळं. जुन्या फर्निचरवाल्याला आणि भांड्यांच्या मोडवाल्याला बोलावून विचारलं, तर या सगळ्या सामानाचे मिळून त्यांनी पासष्ट हजार सांगितले. म्हणजे पासष्ट हजारांच्या वस्तू राखायला सव्वादोन लाख मोजायचे, आणि शेवटी त्या ज्या घरात आणायच्या तिथे माळाच नाही!

मुलगा म्हणतो, "आई, पैशांचं तू बघू नकोस." ठीक आहे, नाही बघत. पैसा हा माझा खरा मुद्दा नाहीच.

खरा मुद्दा दिवाळीचा आहे. आमच्या लहानपणी वाड्यात अडगळीची खोली असे, फडताळं असत, पोटमाळा असे. पुढे फ्लॅटमध्ये माळा आला. यातलं सगळं आपल्याच छपराखाली. दर वर्षी दिवाळीआधी शिडी लागायची, डोक्याला फडकं बांधून कुणीतरी वर चढायचं आणि माळा खाली उतरायचा. प्रत्येक वस्तू हातात यायची. तिची धूळ पुसायची की तिला निरोप द्यायचा, हे तिथल्या तिथे ठरायचं. पुस्तकांत वेखंडाचे नवे तुकडे, ट्रंकेत कडुनिंबाचा ताजा पाला. "हे कुणाचं गं?" असं पोरं विचारायची आणि आजी सांगायची. वस्तू वर्षातून एकदा माणसांच्या हाताखालून जायची, म्हणून ती त्या घरातली राहायची.

गोदामाला दिवाळी नसते. तिथे शिडी लागत नाही, विचारणारं पोर नसतं. बँकेच्या खात्यातून दरमहा पैसे आपोआप वळते होतात, त्यामुळे बिल भरतानाही आठवण येत नाही. आज निर्णय घ्यायचा नाही म्हणून शटर ओढायचं, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ. आज जो निर्णय मला जड जातोय, तो तीन वर्षांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला सोपा जाईल का? आणि मी नसेन तर तो कोण घेणार? रजेवर आठ दिवसांसाठी आलेला मुलगा आणि विमानाचं परतीचं तिकीट काढून आलेली मुलगी. त्या वेळी प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगायला कुणी नसेल. मग जे होईल ते भंगारवालाच ठरवेल.

२०११ मध्ये लेकीकडे तीन महिने राहिले होते. तिथे रस्त्याच्या कडेला अशा दारांच्या लांबच लांब रांगा बघितल्या. आधी मला त्या गाड्यांच्या गॅरेजच वाटल्या. हा धंदा तिथे १९६० च्या दशकापासूनचा. जावयांनी संध्याकाळी 'स्टोरेज वॉर्स' नावाचा कार्यक्रम दाखवला. भाडं थकलेल्या खोलीचं कुलूप तोडतात, लोक दारातूनच आत डोकावतात आणि अख्ख्या खोलीवर बोली लावतात. जिंकणारा एकेक खोकं फोडतो. विकण्यासारखं एका बाजूला, बाकीचं कचऱ्यात. त्या बाकीच्यात फोटोंचे आल्बम असायचे. सगळे खिदळत होते आणि मला जेवण गेलं नाही. ज्यांच्या घराला तळघर आणि गॅरेज दोन्ही आहे, त्यांनाही बाहेर खोली लागते, हे मला तिथे कळलं. जागा वाढली म्हणजे सामान आवरतं असं नाही. ते जागेच्या मागे वाढत जातं.

आता माझ्यावरचे आक्षेप घेते.

पहिला आक्षेप मुलाचा. "पानशेतच्या पुरात तुमचं सगळं गेलं, म्हणून तुला वस्तूंची माया नाही." बाळा, अगदी उलटं आहे. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आमचं बिऱ्हाड शनिवार पेठेत, नदीच्या बाजूला. आईने देवांचा पितळी डबा, रेशनकार्ड आणि का कोण जाणे, पोळ्यांचा तवा उचलला आणि आम्हा दोघा भावंडांना घेऊन ती आत्याकडे पर्वतीच्या पायथ्याशी गेली. पाणी ओसरल्यावर परत आलो, तर खोलीत कमरेएवढा चिखल. त्या पुरानंतर आम्ही कधी काहीच टाकलं नाही. दोऱ्याचं रिकामं रीळ टाकलं नाही, औषधाची बाटली टाकली नाही. गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत आमच्यासारखी शेकडो घरं होती. हा साठवायचा सोस मी कोथरुडच्या माळ्यापर्यंत घेऊन आले. तेव्हा साठवण्याविरुद्ध मी बोलते ती बाहेरून बोलत नाही. आयुष्यभर त्या खात्यात नोकरी केल्यासारखी आतून बोलते आहे.

दुसरा आक्षेप भावजींचा. "वहिनी, दिनकर केळकरांनी असा विचार केला असता तर केळकर संग्रहालय झालं असतं का?" उत्तम प्रश्न. पण भावजी, केळकरांकडे ते दिवे आणि अडकित्ते आले कुठून? कुणाच्या तरी घरातून ते बाहेर पडले, बाजारात आले, म्हणून त्यांना मिळाले. आणि त्यांनी ते कुलुपात ठेवले नाहीत. गोळा केले, मांडले आणि सरकारच्या स्वाधीन केले. आज शाळेच्या सहली ते बघायला जातात, मी स्वतः कितीतरी नेल्या. केळकरांचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे.

तिसरा आक्षेप लेकीचा, आणि तो सगळ्यात अवघड. "आई, ते बाबांचं आहे. त्यात तुझं एकटीचं काय चालतं?" हे २०१६ मध्ये गेले. तेव्हापासून पायपेटीचा भाता कुणी हलवलेला नाही. मागच्या महिन्यात उघडली, तर भात्याचं चामडं कुरतडलेलं आणि तीन सूर मुके. नऊ-दहा वर्षं मी ती 'जपली', म्हणजे रेशमी रुमाल घालून बंद ठेवली. ह्यांच्या हाताखाली रोज वाजत होती तेव्हा तिला काही झालं नव्हतं.

आणि एक गोष्ट तुम्हाला कुणालाच सांगितलेली नाही, ती आज लिहिते. सासूबाईंनी जाताना मला त्यांच्या लग्नातला शालू दिला होता. "घालत जा," म्हणाल्या होत्या. मी तो ट्रंकेत ठेवला. पहिली काही वर्षं दिवाळीत काढून घडी बदलायचे, रेशमाची घडी दर वर्षी मोडावी लागते म्हणून. मग नोकरी, मुलांच्या दहावी-बारावी, ह्यांचं आजारपण, आणि ती ट्रंक माळ्याच्या पार मागे गेली. या फेब्रुवारीत, बावीस वर्षांनी, ती उघडली. शालू उचलला आणि तो घड्यांवर तुटून माझ्या हातात चार पट्ट्या आल्या. जर काळी पडली होती. लेकीच्या लग्नात तो तिने मागितला होता, आणि "जुना आहे, खराब होईल" म्हणून मीच दिला नव्हता. वापरून फाटला असता तर निदान तिच्या अंगावर फाटला असता.

माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर असलेल्या माळ्यावर हे झालं. मग हायवेजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होईल?

सरसकट सगळ्यांना मी विरोध करत नाही. वर्षाभरासाठी बदली झालेल्याने, परतीची तारीख ठरलेल्याने, चालू वापरातला फ्रिज, पलंग, गाद्या ठेवायला खोली जरूर घ्यावी. घेताना तळघर टाळावं, सामान थेट फरशीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावं, यादी फोटोंसकट करावी, करारातली कीड आणि ओल यांची कलमं आधी वाचावीत आणि पावसाळ्यात निदान एक चक्कर मारावी. पण कुलूप लावण्यापूर्वी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: ही वस्तू परत आल्यावर कुठे ठेवणार? नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं तरच ती आत जावी. "बघू नंतर" हे उत्तर आलं, तर शून्य गुण.

मी सभेत हाच प्रश्न तुम्हा सहा जणांना विचारला होता. कपाट? मुलाचा फ्लॅट भरलेला. पलंग? सुनेचं म्हणणं, लिफ्टमध्ये मावणार नाही. पाळणा? लेकीच्या मते विमानाने नेणं परवडत नाही. बंब? भावजी नुसते हसले. भावना सगळ्यांची, भाडं एकाचं आणि वस्तू कुणाचीच नाही, असा हा संसार माझ्या नावावर तीन वर्षं चालवायचा! मी कोरडी झाले नाही, जाऊबाई. तुमच्या ओलाव्याची बुरशी कुणीतरी पुसायला हवी, एवढंच म्हणते आहे.

तर माझा निर्णय असा. पायपेटी दुरुस्तीला दिली आहे. ती आमच्या गल्लीतल्या गाण्याच्या क्लासला जाईल, तिथे सकाळी सहा मुली सा लावतात. दिवाळी अंकांसाठी दोन ग्रंथालयांना विचारलं. एकाने जागा नाही म्हणून सांगितलं. दुसरं १९९० पूर्वीचे घेतंय, बाकीचे रद्दीत जातील. हे लिहिताना हात थांबला, पण जातील. भांड्यांपैकी एक परात आणि एक हंडा माझ्याबरोबर, बाकी ज्याला वापरायची असतील त्याला, नाहीतर मोडीत. पाटा-वरवंटा मी नेणार आहे. आई पुरात गेलेल्या पाट्याची आठवण मरेपर्यंत काढायची, त्यामुळे इथे मला तर्क विचारू नका. शालूच्या काठाचा एक तुकडा शाबूत आहे, तो लेकीला पोस्टाने पाठवते आहे.

राहता राहिले कपाट, पलंग आणि पाळणा. अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघेन. ज्याला हवं त्याने यावं आणि घेऊन जावं. त्यानंतर कपाट आणि पलंग फर्निचरवाल्याकडे. पाळण्याचं अजून माझं ठरलेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या वॉचमनच्या सुनेला सातवा महिना आहे. तिला मी अजून विचारलेलं नाही, कारण तुम्हाला आधी विचारते आहे.

येणाऱ्या रविवारी पुन्हा सभा घ्यायची असेल तर घ्या. पण या वेळी मोबाईलवर नको, घरी या. येताना टेम्पो सांगून या. चहा-पोहे माझ्याकडे.